ओपनडब्ल्यूआरटी वन : आतलं सगळं दाखवणारा राउटर

वेगासाठी हा राउटर घेऊ नका. वायफाय ६ चे, चार लॅन (घरातल्या तारांच्या) पोर्टांचे, दिसायला देखणे आणि याहून स्वस्त राउटर बाजारात ढीगभर आहेत. ओपनडब्ल्यूआरटी वन घ्यायचा तो एकाच कामासाठी : वीज दिल्यापासून पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, बाहेर पडेपर्यंत राउटरच्या पोटात काय काय होतं ते समजून घ्यायचं असेल, त्यात हात घालायचा असेल आणि बिघडलं तर तासाभरात पूर्ववत करायचं असेल तर. या कामाला याच्याइतकं सोयीचं यंत्र सध्या दुसरं नाही. बाकी बाबतीत तो ठीकठाक आहे, आणि काही बाबतीत तापदायकही.

थोडी पूर्वपीठिका. २००२ साली लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी बाजारात आला. त्यात लिनक्स ही खुली कार्यप्रणाली आहे हे लोकांच्या लक्षात आलं, परवान्याच्या अटीमुळे कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा खुल्या फर्मवेअरचा, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, प्रकल्प उभा राहिला. वीस वर्षं ही मंडळी दुसऱ्यांच्या राउटरांवर आपलं फर्मवेअर बसवत होती. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी स्वतःचं हार्डवेअर करायचा प्रस्ताव मांडला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हा राउटर विक्रीला आला. बोर्ड बनाना पायने बनवला, पाठीशी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ही संस्था. तेव्हाची किंमत केस आणि अँटेनांसकट ८९ डॉलर, त्यातले १० डॉलर प्रकल्पाच्या निधीला. भारतात मागवायचा तर कुरिअर आणि कस्टम्स वेगळं धरा.

आतला ऐवज असा. मीडियाटेकची एमटी७९८१बी ही मुख्य चिप, त्यात १.३ गिगाहर्ट्झचे दोन कॉर्टेक्स-ए५३ कोअर. १ जीबी डीडीआर४ रॅम. २५६ एमबी नँड फ्लॅश आणि वेगळी १६ एमबी नॉर फ्लॅश, म्हणजे वीज गेली तरी मजकूर जपणाऱ्या दोन प्रकारच्या चिपा. वायफायसाठी एमटी७९७६सी, तीन अँटेना. एक २.५ गिगाबिटचा वॅन (बाहेरच्या इंटरनेटचा) पोर्ट, एक १ गिगाबिटचा लॅन पोर्ट, एक यूएसबी २.०, एनव्हीएमई एसएसडीसाठी एम.२ ची जागा, आणि घड्याळाच्या बॅटरीची खोबण. हे आकडे किती ऐसपैस आहेत ते तुलनेनं कळेल. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या टीपी-लिंक डब्ल्यूआर८४१एनच्या कित्येक आवृत्त्यांत ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम आहे. आजचं ओपनडब्ल्यूआरटी त्यात मावतच नाही. इथे मात्र पॅकेट पकडायची, आलेख काढायची, जाहिराती अडवायची अवजारं एकदम टाकली तरी जागेची चणचण भासत नाही.

वीज देण्यापूर्वी

पहिली ठेच इथेच लागते. राउटरला दोन यूएसबी-सी पोर्ट आहेत. मागचा विजेचा, पुढचा कन्सोलचा, म्हणजे लॅपटॉपवरून राउटरशी मजकुरात बोलायचा. चार्जर पुढे लावला तर राउटर सुरू होत नाही आणि माणूस उगाच बोर्ड मेला म्हणून हवालदिल होतो. शिवाय विजेच्या पोर्टाला १२ व्होल्टचा यूएसबी-पीडी (यंत्राशी बोलून व्होल्टेज ठरवणारा) चार्जर लागतो. मोबाइलचा साधा ५ व्होल्टचा चालत नाही, आणि पीडी लिहिलेला प्रत्येक चार्जरही चालेलच असं नाही : पीडीच्या ठरीव पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्ट अशा आहेत, १२ ची पायरी ऐच्छिक आहे. चार्जरच्या पोटावरचं बारीक अक्षर वाचा. तिथे १२ व्होल्ट छापलेले नसतील तर तो बाजूला ठेवा, मग तो ६५ वॉटचा असला तरी. लोडशेडिंगसाठी राउटरला जोडायचे जे छोटे यूपीएस मिळतात त्यांची गोल पिन इथे बसत नाही, तेव्हा इन्व्हर्टरवरच्या प्लगला चार्जर लावणं हा सरळ उपाय. वॅन पोर्टातून पॉवर ओव्हर इथरनेटनंही वीज घेता येते, पण त्यासाठीचं मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं आणि घरातला फायबरचा डबा काही त्या तारेतून वीज देत नाही.

कन्सोल : खरी किंमत याची आहे

बहुतेक राउटरांना सीरियल कन्सोल असतो, फक्त तो लपवलेला असतो. नेहमीच्या राउटरचं झाकण उचकटायचं, बोर्डावर चार ठिपके शोधायचे, त्यांना पिना डाखायच्या, ३.३ व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर आणायचा, त्याची टीएक्स (पाठवायची पिन) राउटरच्या आरएक्सला (घ्यायच्या पिनेला) आणि आरएक्स टीएक्सला जोडायची, ग्राउंड जोडायचा, व्हीसीसी (विजेची पिन) मोकळी ठेवायची. चुकून ५ व्होल्टवाला अडॅप्टर लावला तर चिपला राम म्हणायची वेळ. इथे तो कन्सोल पुढच्या यूएसबी-सी पोर्टावर आयता काढून ठेवलाय. मोबाइलची डेटा केबल लावा (नुसती चार्जिंगची केबल नको, तिच्यात डेटाच्या तारा नसतात), लॅपटॉपवर पुटी किंवा पिकोकॉम हा टर्मिनलचा कार्यक्रम उघडा, वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. आधी टर्मिनल उघडून ठेवा आणि मग राउटरला वीज द्या, नाहीतर सुरुवातीच्या ओळी निसटतात.

त्या ओळी म्हणजे राउटरची सकाळ. चिपच्या आत कायमचा कोरलेला बूटरॉम फ्लॅशमधला पहिला छोटा कार्यक्रम उचलतो. तो रॅम चालू करतो. डीडीआर४ नुसती वीज दिली की चालत नाही, सिग्नलच्या वेळा जुळवून घ्याव्या लागतात, ते काम इथे होतं. मग सुरक्षेचा एक थर, मग यू-बूट, म्हणजे लिनक्सला उठवणारा कार्यक्रम. यू-बूट क्षणभर थांबतो, हवं तर त्याच्या मेनूत शिरता येतं. तो कर्नल (लिनक्सचा गाभा) रॅममध्ये उतरवतो आणि बाजूला होतो. पुढे लिनक्सच्या ओळी धावतात : नँड ओळखली, वायफायचं फर्मवेअर चढलं, इथरनेटचे दोन पोर्ट दिसले. शेवटी प्रोसीडी ही ओपनडब्ल्यूआरटीची कारभारीण जागी होते आणि एकेक सेवा उठवते : नेटिफडी पोर्ट जोडतं, डीएनएसमास्क पत्ते वाटायला बसतं, होस्टएपीडी वायफाय हवेत सोडतं. दिवा लुकलुकतोय म्हणजे नेमकं काय चाललंय, हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

फ्लॅशमधली मांडणीही इथेच कळते. मूळ फाइली स्क्वॅशएफएस या दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या थरात असतात. तुम्ही बदललेलं सगळं त्याच्यावरच्या वेगळ्या थरात जातं. फॅक्टरी रीसेट म्हणजे तो वरचा थर पुसणं, बाकी काही नाही. म्हणूनच रीसेटनं सेटिंग जातात पण फर्मवेअरची आवृत्ती जुनी होत नाही. फायरवॉलचा नियम चुकून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तर रीसेटचीही गरज नाही : सुरू होताना कन्सोलवर सूचना येते तेव्हा एफ आणि एंटर दाबा, राउटर वरचा थर न लावता उठतो, चूक दुरुस्त करून पुन्हा चालू करा.

यू-बूटच बिघडला तर? दुसऱ्या राउटरांत इथे खेळ संपतो. इथे मागच्या बाजूला नँड आणि नॉर असा एक सरकता स्विच आहे. नॉरमध्ये वाचवायचा संच राखीव ठेवलेला असतो आणि ती चिप लिहिण्यापासून हार्डवेअरनंच कुलूपबंद असते, बोर्डावरचा जंपर हलवल्याशिवाय तिच्यावर काही लिहिता येत नाही. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर प्रकल्पाच्या संकेतस्थळावरच्या दोन फाइली टाका, स्विच नॉरकडे सरकवा, पुढचं बटण दाबून धरून वीज द्या, काम उरकलं की स्विच परत नँडकडे आणा. हा शेवटचा भाग विसरायचा नाही. स्विच नॉरवरच राहिला तर राउटर राखीव संचावर उठतो आणि आपली सगळी सेटिंग उडाली असं वाटतं. प्रत्यक्षात ती नँडमध्ये सुखरूप असतात. नॉरच्या कुलपाला हात लावू नका असं निक्षून सांगायचं कारण वेगळंच आहे : मॅक पत्ते आणि वायफायच्या कॅलिब्रेशनचे आकडे त्याच चिपमध्ये आहेत. ते प्रत्येक बोर्डाचे वेगळे असतात, दुसरीकडून उतरवून घेता येत नाहीत.

पॅकेटचा प्रवास बघायचा कसा

नेहमीच्या राउटरमध्ये मागचे पाच पोर्ट वेगवेगळे दिसतात, पण बहुतेकदा ते एकाच स्विच चिपचे असतात. टीपी-लिंकच्या आर्चर सी७ मध्ये निळा वॅन आणि चार पिवळे लॅन एकाच एआर८३२७ चिपवर आहेत. त्यांच्यातली भिंत व्हीलॅननं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या खुणेनं उभी केलेली. काही राउटरांत ही भिंत उभी राहायच्या आधीचे काही सेकंद वॅन आणि लॅन चक्क जोडलेले असतात. ओपनडब्ल्यूआरटी वनमध्ये स्विच चिपच नाही. दोन्ही पोर्ट थेट मुख्य चिपच्या दोन स्वतंत्र वाटांवर आहेत. शिकणाऱ्याला हे फार सोपं पडतं : ईटीएच० म्हणजे बाहेरचं जग, ईटीएच१ म्हणजे घर, आणि बीआर-लॅन हा पूल ईटीएच१ ला दोन्ही वायफायशी जोडतो. तोटाही त्यातच आहे. लॅन पोर्ट एकच, त्यामुळे टीव्ही, संगणक, कॅमेऱ्याचा डीव्हीआर असं तीन तारांचं घर असेल तर पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच वेगळा घ्यावा लागतो.

आता टीसीपीडंप हे पॅकेट दाखवणारं अवजार टाका आणि दोन खिडक्या उघडा. एकीत बीआर-लॅन, दुसरीत वॅनची वाट. मोबाइलवरून एखादं संकेतस्थळ उघडा. पहिल्या खिडकीत पॅकेटचा प्रेषक १९२.१६८.१.१२० वगैरे दिसेल, दुसरीत तेच पॅकेट राउटरच्या बाहेरच्या पत्त्यानं जाताना दिसेल. नॅट म्हणजे एवढंच. परत आलेलं उत्तर कोणाचं हे राउटरला कसं कळतं, ते कॉनट्रॅकच्या, म्हणजे चालू जोडण्यांच्या, यादीत दिसतं. तिथल्या प्रत्येक ओळीत पत्त्यांच्या दोन जोड्या असतात : जातानाची आणि येण्याची अपेक्षित. जातानाच्या जोडीत मोबाइलचा खासगी पत्ता, येण्याच्या जोडीत राउटरचा बाहेरचा पत्ता. पोर्ट क्रमांक (इथे खोबण नव्हे, जोडणीला दिलेला आकडा) शक्यतो तोच ठेवला जातो, दुसऱ्या कुणी आधीच घेतला असेल तरच बदलतो. ही ओळ कायमची नसते. टीसीपी आणि यूडीपी या पॅकेट पाठवायच्या दोन पद्धती, त्यांच्या मुदती वेगळ्या. ओपनडब्ल्यूआरटीत शांत पडलेल्या टीसीपी जोडणीची ओळ ७४४० सेकंदांनी पुसली जाते, यूडीपीची एकतर्फी ६० सेकंदांनी आणि दुतर्फी १८० सेकंदांनी. इंटरनेटवरचा लँडलाइन फोन बाहेर लागतो पण काही मिनिटांनी आत येणारी घंटा वाजत नाही, या तक्रारीचं मूळ बहुतेकदा या आकड्यात असतं. फोनला दर ३० सेकंदांनी जिवंत असल्याची खूण पाठवायला लावणं हा त्यावरचा उपाय.

एक गंमत इथे मुद्दाम करून बघा. फायरवॉलच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू करा आणि मोठी फाइल उतरवत टीसीपीडंप लावा. सुरुवातीची थोडी पॅकेट दिसतात आणि मग खिडकी जवळपास मुकी होते, फाइल मात्र धडाक्यात उतरत असते. जोडणी एकदा पक्की झाली की चिपमधला पॅकेटचा खास विभाग ती स्वतःकडे घेतो आणि लिनक्सला विचारतही नाही. म्हणूनच वेग वाढतो, प्रोसेसर रिकामा राहतो. आणि म्हणूनच एसक्यूएम, म्हणजे रांग शिस्तीत लावणारं केक, ऑफलोडिंगबरोबर निकामी ठरतं : जी पॅकेट त्याच्या दारावरून जातच नाहीत त्यांची रांग तो काय लावणार? दोन्ही चालू ठेवून ‘एसक्यूएमनं काही फरक पडत नाही’ म्हणणारे पुष्कळ. १००-२०० एमबीपीएसच्या प्लॅनला ऑफलोडिंग बंद आणि केक चालू ठेवा, मोजलेल्या वेगाच्या ९० ते ९५ टक्के आकडा भरा. कुणी मोठी फाइल चढवत असताना व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण साचलेली पॅकेट मोडेमच्या लांब रांगेत ताटकळतात. केक ती रांग राउटरकडे ओढून घेतो, पण मर्यादा लाइनच्या वेगाहून थोडी कमी असेल तरच.

घरच्या फायबरला जोडताना

आपल्याकडच्या जोडणीत सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक पत्त्यांची. ओपनडब्ल्यूआरटीचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१, आणि बऱ्याच फायबरच्या डब्यांचाही तोच. दोन्हीकडे एकच पत्तामालिका आली की राउटरला आत-बाहेर कळेनासं होतं, लुसीचं, म्हणजे राउटरच्या सेटिंगचं, पान उघडतं पण नेट नाही. वॅनची तार लावण्यापूर्वीच घरातला पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी करून घ्या. पत्तावाटप आपोआप नव्या मालिकेत होतं, १०० पासून २४९ पर्यंत, बारा तासांच्या मुदतीनं. फायबरच्या डब्याची तार चुकून लॅनमध्ये खोचली तर घरात दोन पत्तेवाटे होतात. मग एका मोबाइलला नेट येतं, दुसऱ्याला येत नाही, आणि उद्या उलट. असा लहरी बिघाड दिसला की आधी तार बघा.

फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये (डबा नुसती पॅकेट पुढे ढकलतो) टाकून घेतला तर पीपीपीओई, म्हणजे वापरनाव-पासवर्ड देऊन लाइन जोडायची पद्धत, राउटरमध्ये भरायचं. वापरनाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक सेवा देणाऱ्याकडून आधी लिहून घ्या, शेवटचा तर हटकून विसरतो. व्हीलॅन चुकला की राउटर हाका मारत राहतो आणि पलीकडून ओ येत नाही. पासवर्ड चुकला तर निदान नकार येतो. लॉगमधला हा फरक बघितला की फोनवर तासभर घालवावा लागत नाही. पीपीपीओईचं वेष्टण ८ बाइटचं, म्हणून १५०० चा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १४९२ होतो. वॅनच्या विभागात एमएसएसची (टीसीपी पॅकेटमधल्या मजकुराच्या मर्यादेची) दुरुस्ती ओपनडब्ल्यूआरटी आधीच चालू ठेवतं. पण व्हीपीएन वगैरेसाठी स्वतः नवा विभाग केला आणि ती खूण करायची राहिली, तर काही संकेतस्थळं उघडतात आणि काही नुसती फिरत बसतात.

वॅनचा पत्ता १०० नं सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ असेल तर तुम्ही सेवा देणाऱ्याच्या मोठ्या नॅटमागे आहात. पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरची जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवायचे) नियम कितीही बिनचूक लिहा, बाहेरून काही आत येणार नाही. राउटर बदलून हे सुटत नाही. स्टॅटिक पत्ता विकत घ्या किंवा आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत वापरा, जिथे नॅट नाही आणि रखवाली फक्त फायरवॉलची.

वायफायबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २.४ गिगाहर्ट्झला दोन प्रवाह, ५ गिगाहर्ट्झला १६० मेगाहर्ट्झची रुंदी धरून कागदावर २४०२ एमबीपीएस. ८० मेगाहर्ट्झवर दोन अँटेनांचा फोन १२०१ चा आकडा दाखवतो, हाती त्याच्या निम्म्याहून थोडं अधिक पडतं, कारण हवा एकच आणि बोलायचं सगळ्यांना पाळीपाळीनं. ६ गिगाहर्ट्झ नाही. आरसीसीच्या भिंतीपलीकडे हा इतर कुणाहून लांब पोहोचतो असंही नाही. ओपनडब्ल्यूआरटी साधारणपणे वायफाय बंद ठेवूनच देतं : आधी देश म्हणून भारत निवडा, नाहीतर चॅनल तोकडे मिळतात. २.४ ला २० मेगाहर्ट्झ आणि १, ६, ११ पैकी एक चॅनल. जुना प्रिंटर जोडला जात नसेल तर २.४ ला डब्ल्यूपीए३ चा मिश्र प्रकार सोडून साधं डब्ल्यूपीए२ ठेवून बघा.

एम.२ मध्ये एसएसडी बसवून घरातलं फाइल-कपाट करता येतं. त्या खोबणीला पीसीआय एक्सप्रेस दुसऱ्या पिढीची एकच लेन आहे, तेव्हा महागडी एसएसडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. लॅन १ गिगाबिटची असल्यामुळे सेकंदाला ११० एमबीच्या आसपास थांबावंच लागतं. लांबीही तपासा : लॅपटॉपमध्ये सर्रास असणारी ८० मिलिमीटरची पट्टी इथे बसत नाही, ४२ किंवा ३० ची आणा.

आई-वडिलांच्या घरी लावून विसरायचा राउटर हवा असेल तर हा नको. त्यांना फोनवरून ‘मागचा स्विच नँडकडे आहे का बघा’ असं सांगण्यात अर्थ नाही. नेटवर्किंग शिकणारा विद्यार्थी, केबलवाल्याकडे कामाला असलेला तंत्रज्ञ, कॉलेजची प्रयोगशाळा यांनी मात्र घ्यावा, आणि सोबत तीन गोष्टी त्याच दिवशी मागवाव्यात : १२ व्होल्ट छापलेला पीडी चार्जर, डेटाची यूएसबी-सी केबल आणि पाच पोर्टांचा स्विच.